लागला की लावला?

पारोळ्याकडच्या आमच्या शेतात वडिलांनी विहीर खोदली तेव्हा मी सहावीत होतो. पाणाड्यानं हातावर नारळ धरून शेतभर फिरून जागा दाखवली. मजुरांनी सुरुंग उडवले, यारीनं दगड वर ओढले, वडिलांनी सोसायटीचं कर्ज डोक्यावर घेतलं. पंचेचाळीस फुटांवर एका कपारीतून पाझर फुटला आणि संध्याकाळपर्यंत गावभर बातमी गेली, ती दोनच शब्दांची होती. "पाणी लागलं." आजी तिच्या अहिराणीत म्हणाली, "पानी लागनं." कुणी लावलं, हे कुणीच विचारलं नाही. पाणाड्याचं नाव त्या वाक्यात नव्हतं, मजुरांचं नव्हतं आणि ज्यांनी कर्ज काढलं त्या वडिलांचंही नव्हतं. पाणी खाली होतंच. ते लागलं.

मराठीत सापडण्याच्या कितीतरी गोष्टी या एका 'लागणे'च्या दावणीला बांधलेल्या आहेत. पत्ता लागतो, ठाव लागतो, थांग लागतो, सुगावा लागतो, चाहूल लागते, चोर हाती लागतो. शोधसुद्धा लागतो. मग कुणीतरी 'ग' काढून तिथं 'व' बसवतो, आणि शोध 'लागला'चा 'लावला' होतो. एका अक्षराचा हा फेरफार. पण पहिल्या वाक्यात सापडलेली वस्तू मध्यभागी असते. दुसऱ्यात एक माणूस तिच्यावर पाय ठेवून फोटोला उभा राहिलेला असतो. आपली पाठ्यपुस्तकं, वर्तमानपत्रं आणि पर्यटनस्थळांवरचे फलक हा 'लावला' फार सढळ हातानं वापरतात. मला तो निव्वळ भाषेचा ढिसाळपणा वाटत नाही. इतिहासाच्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढणार, हे त्या अक्षरानं ठरतं.

मी स्वतः हा गुन्हा केलेला आहे. एका दैनिकात उपसंपादक होतो. पावसाळ्यात सातपुड्यातल्या एका धबधब्याचे फोटो आले, शहरातल्या चार तरुणांनी काढलेले. मी मथळा दिला: 'सातपुड्यात नव्या धबधब्याचा शोध'. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाजूच्या पाड्यावरून फोन आला. आवाज शांत होता. "भाऊ, बरं झालं तुम्ही शोधला. आम्ही तिथं म्हशी धुतो, तेव्हा तो नव्हताच बहुतेक." दुरुस्ती छापू या, असं मी वरिष्ठांना म्हणालो. ते हसले. धबधबा काय अब्रुनुकसानीचा दावा लावणार आहे, म्हणाले. दुरुस्ती छापली गेली नाही. आता तर तशा मथळ्यालाही कुणी थांबत नाही. मोबाइलवरच्या रीलमध्ये दर पावसाळ्यात खानदेशातली पाच-सात ठिकाणं 'शोधली' जातात, आणि पुढच्या रविवारी तिथं प्लास्टिकच्या बाटल्यांचा खच पडतो.

या सगळ्याचा मूळपुरुष अजिंठ्याला भेटतो. 'अजिंठा लेण्यांचा शोध १८१९ साली जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने लावला,' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकानं परीक्षेत लिहिलेलं आहे आणि एक गुण घेतलेला आहे. लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी जगभरचे लोक जळगाव स्टेशनवर उतरून फर्दापूरला जातात, आणि लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेणारी वाघूर पुढं आमच्याच तापीला मिळते. त्यामुळे या वाक्याशी आमचा घरचा संबंध आहे. गोष्ट अशी सांगतात की मद्रास घोडदळाचा हा अधिकारी वाघाच्या शिकारीला आला होता आणि एका गुराख्याच्या पोरानं त्याला लेण्याची वाट दाखवली. ज्याला वाट दाखवली त्यानं 'शोध लावला', आणि ज्यानं दाखवली तो कथेत वाघाइतकाच निनावी राहिला. लेण्यांच्या शेजारच्या एका गावाचं नाव लेणापूर आहे. लेणी ठाऊक नसलेले लोक गावाला असं नाव कशाला देतील?

स्मिथनं केलेली एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. दहाव्या लेण्यात, एका चित्रावर, त्यानं आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरवडली. तेव्हा लेण्यात दगडमातीचा थर होता, तो त्यावर उभा होता. थर काढल्यामुळे ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसतं. म्हणजे पुरावा शोधाचा नाही, भिंतीवर नाव कोरणाऱ्या पर्यटकाचा आहे. आपल्याकडच्या बदाम आणि बाण काढणाऱ्या मंडळींचा तो पूर्वज.

यावर एक उत्तर येतं आणि ते अगदीच टाकाऊ नाही. गुराख्याला लेणी माहीत होती, पण त्यांचं मोल माहीत नव्हतं. जगाच्या ज्ञानात ती स्मिथनंतर आली, म्हणून शोध त्याचा. पण मोल स्मिथला तरी कुठं कळलं होतं? कळलं असतं तर चित्रावर चाकू चालवला नसता. मोल कळलेला माणूस दुसरा होता. मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला आणि त्यानं त्यात उभी हयात घातली. त्यानं रंगवलेली बहुतेक मोठी चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत जळाली. तरी तो परत कामाला लागला. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. भुसावळकर त्या रस्त्यानं रोज जातात, पण ती कुणाची हे दहातल्या एकालाही ठाऊक नसेल. गिलनं शोध लावला असं कुणी म्हणत नाही, तोही म्हणत नव्हता. त्यानं लेणी जगाला दाखवली. 'दाखवणे' या साध्या क्रियापदाला आपल्या इतिहासात एवढा कमी भाव का, हे मला कळत नाही.

खरं तर मराठीची मूळ प्रवृत्ती या बाबतीत फार संकोची आहे. 'मी शोधलं' म्हणजे मला मिळालं असं नव्हे. 'मी घरभर शोधलं, पण किल्ली सापडली नाही' हे वाक्य आपण दिवसाआड बोलतो. शोधणं माणसाच्या हातात, सापडणं किल्लीच्या. म्हणून शोधताना 'मी' असतो आणि सापडताना मी 'मला' होतो. मला सापडलं, मला मिळालं, मला गवसलं, मला आढळलं, मला उमगलं, मला सुचलं. सगळीकडे वस्तू कर्ता आणि माणूस नुसता घेणारा. हा विनय कुणी मुद्दाम शिकवलेला नाही, तो व्याकरणातच मुरलेला आहे. 'सापडणे'त तर उलटा वारही आहे: पोलिसांच्या हाती चोर सापडतो, तसा माणूस कधी कधी स्वतःच पेचात सापडतो.

यातली प्रत्येक छटा वेगळी आहे आणि ती वापरून वापरून गुळगुळीत झालेली नाही. हरवलेलं सापडतं. मागितलेलं किंवा वाट पाहिलेलं मिळतं. पाहता पाहता नजरेला पडतं ते आढळतं. आत उजेड पडावा तसं उमगतं. 'गवसणे' मला या सर्वांत देखणं वाटतं. ते 'गवेषणा'च्या घराण्यातलं, आणि गवेषणेचा मूळ अर्थ गायी शोधत हिंडणं. संध्याकाळी कळपात एक जनावर कमी भरलं की गुराखी पुन्हा रानात जातो, घंटेचा आवाज ऐकत, आणि अंधार पडता पडता ते एखाद्या नाल्याकाठी उभं दिसतं. तेवढी पायपीट झाली की 'गवसलं' म्हणावं. गायकाला सूर गवसतो तोही तसाच, वर्षानुवर्षं रानोमाळ फिरून.

आणि आमचं 'भेटणे'. माणूस भेटतो, वस्तू मिळते. वस्तूला भेटली म्हणणं अशुद्ध, असं पुण्याकडच्या नातेवाइकांनी मला लहानपणी किमान शंभरदा सुनावलं आहे. खानदेशात मात्र पुस्तकही भेटतं, एसटीत जागाही भेटते आणि बाजारात कापसाला भाव भेटत नाही. अहिराणीत 'माले भेटनं' म्हटलं की त्यात समोरासमोर आल्याचा आनंद असतो. वस्तू आपल्यासारखीच कुठून तरी चालत आली आणि वाटेत गाठ पडली. हे अशुद्ध असेल तर असो. वस्तूवर पाय ठेवून उभ्या राहणाऱ्या 'लावला'पेक्षा मला ते कितीतरी सभ्य वाटतं.

मराठी क्रियापदांचा विषय निघाला की धुळ्याचं नाव घ्यावंच लागतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळानं त्यांचा मराठी धातुकोश १९३७ मध्ये छापला. गावोगाव पायी फिरून, लोकांच्या माळ्यांवरचे कागदांचे पेटारे उघडून ज्यांनी दप्तरं वाचवली, त्यांनीच क्रियापदांचे धातूही असे एकेक करून गोळा केले. आणि मंडळाच्या नावातलं 'संशोधन' तरी काय आहे? 'शुध्' म्हणजे स्वच्छ करणं. हा शब्द बनवणाऱ्यांना पहिलेपणाची घाई नव्हती. वस्तूवरची धूळ पुसणं त्यांना पुरेसं होतं. ती आधीपासून तिथं असते, हे त्यात गृहीतच आहे.

आता जरा रानात जाऊ. रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातला वीतभर पक्षी. ह्यूम या ब्रिटिश पक्षितज्ज्ञानं १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला ब्लेविट या गृहस्थांचं नाव दिलं. पुढच्या दशकात डेव्हिडसन या खानदेशात नेमलेल्या अधिकाऱ्यानं त्याचे काही नमुने इथूनच मारून नेले. १८८४ नंतर खात्रीची नोंद नाही. पक्षी नामशेष झाला, असं जवळजवळ सर्वांनी मानून टाकलं. मध्ये मायनर्ट्झहागेन नावाच्या एका नामवंत ब्रिटिश पक्षितज्ज्ञानं आपण १९१४ मध्ये गुजरातेत एक रानपिंगळा मिळवल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे शोधणारे चुकीच्या जागी शोधत राहिले. अमेरिकी संशोधक पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासून दाखवून दिलं की त्याचा तो नमुना डेव्हिडसनच्याच नमुन्यांपैकी चोरलेला होता, पुन्हा भरून आणि खोटी चिठ्ठी लावून आपला म्हणून खपवलेला. गुजरात बाद झाल्यावर उरलं ते डेव्हिडसनचं खानदेश. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पोचले आणि सकाळच्या उन्हात एका निष्पर्ण झाडावर त्यांना तो बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

हा प्रसंग मला फार आवडतो, कारण एकाच गोष्टीत दोन्ही क्रियापदं आपापल्या जागी बसतात. लबाडीचा छडा रासमुसेन यांनी 'लावला'. तिथं ते अक्षर त्यांनी पुरतं कमावलेलं आहे. जे कुणालाच माहीत नव्हतं आणि लपवून ठेवलं होतं, ते त्यांनी बुद्धीनं बाहेर काढलं. पिंगळा मात्र त्यांना 'दिसला'. तो दिवसाढवळ्या वावरणारा पक्षी, उघड्या फांदीवर बसतो. त्याच्या झाडाखालून त्या ११३ वर्षांत किती भिल्ल आणि पावरा माणसं मोहाची फुलं वेचत गेली असतील, याचा हिशोब कुठल्या संग्रहालयात नाही. रानपिंगळा आणि साधा पिंगळा यांतला फरक त्या सगळ्यांना ठाऊक होता, असा दावा मी करणार नाही. कुणाला असेलही, कुणाला नसेल. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि 'पक्ष्याचा पुन्हा शोध लावला' या वाक्यानंतर विचारण्याची गरजही उरत नाही.

माझा मुद्दा गोऱ्यांवर राग काढण्याचा आहे, असं कुणाला वाटू नये. आपलेच लोक हाच खेळ उलट्या बाजूनं खेळतात. चाळीसगावजवळच्या पाटण्याला गेलं की कुणी ना कुणी छाती फुगवून सांगतंच, "गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनच्या आधी आमच्या भास्कराचार्यांनी लावला." भास्कराचार्यांचा जन्म १११४चा, 'सिद्धान्तशिरोमणि' ११५०चा. पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे आणि म्हणून जड वस्तू तिच्याकडे येतात, असं त्यांनी लिहिलं आहे. ही थोर गोष्ट आहे. पण न्यूटननं १६८७ मध्ये जे केलं ते वेगळं आहे. झाडावरून पडणारी वस्तू आणि आकाशात फिरणारा चंद्र एकाच नियमानं चालतात, आणि तो नियम अंतराच्या वर्गाशी कसा बांधलेला आहे, हे त्यानं गणितानं दाखवलं. भास्कराचार्यांना उमगलं, न्यूटननं मांडलं. दोघांनाही पुरेशी क्रियापदं मराठीत आहेत. दोघांना एकाच 'लावला'च्या शर्यतीत धावायला लावून आपण धड कुणाचाच मान राखत नाही.

त्याच पाटण्याच्या देवळातला शिलालेख घ्या. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला, त्याची ही नोंद. शके ११२८ मधली, संस्कृतात, आणि शेवटच्या काही ओळी चक्क जुन्या मराठीत. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास हा लेख 'शोधला', असं छापलेलं असतं. दगड तर देवळातच होता. भाऊ दाजींनी तो वाचला. साडेसहाशे वर्षं ज्याला लोकांनी नमस्कार केला, त्याला एका माणसानं वाचलं. शोधण्यापेक्षा हे मोठं आहे, तरी आपण त्याला छोट्या शब्दात कोंबतो.

उत्खननाचं मात्र बरं आहे. पुरातत्त्वज्ञ 'सापडले' लिहितात आणि थांबतात. याच पाटण्याला १९७० च्या दशकात साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, हजारो वर्षांपूर्वीचे. म्हणजे एकेकाळी खानदेशात शहामृग फिरत होते. तापीकाठी सावळद्याला वेगळ्या घडणीची मातीची भांडी सापडली, तेव्हा त्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला सावळदा संस्कृती म्हटलं गेलं. गावाचं नाव राहिलं. पिंगळ्याला ब्लेविटचं आणि भांड्यांना गावाचं, यातलं कुठलं नाव जास्त शहाणं, ते वाचकानं पाहावं.

कुणी म्हणेल, हा शब्दांचा कीस झाला. रिकामटेकड्या उपसंपादकाचे उद्योग. म्हणून शेवटी नंदुरबारची एक गोष्ट सांगतो, जिथं क्रियापदावर माणसाचं शेत अवलंबून आहे.

वनखात्याच्या कागदावर एक ठरीव वाक्य असतं: 'वनक्षेत्रात अतिक्रमण आढळून आले.' पोलिसांच्या पंचनाम्यात मुद्देमाल 'मिळून येतो', तसंच हे. आढळून आले म्हणजे पाहणारा कोण, ते त्यानं कधी पाहिलं, आणि त्याच्या आधी तिथं काय होतं, हे तिन्ही प्रश्न एका क्रियापदानं गिळले. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात ज्याच्या आज्यानं ती जमीन कसली, तो त्या वाक्यात एखाद्या वाळवीसारखा 'आढळतो'. २००६ चा वनहक्क कायदा आला त्याच्या नावातच 'वनहक्कांची मान्यता' असे शब्द आहेत. हक्क दिले नाहीत. होते, ते मान्य केले. कायद्याच्या उद्देशिकेत ऐतिहासिक अन्यायाची कबुली आहे. म्हणजे दिल्लीच्या कायदा लिहिणाऱ्यांनी क्रियापद नीट निवडलं होतं. आणि आम्ही जिल्ह्याच्या पानावर काय छापलं? 'आदिवासींना जमिनी मिळाल्या.' पुढं 'वाटप' हा शब्दही आला, पेढे वाटावेत तसा. वाटप म्हटलं की वाटणारा आला, त्याचा हार आला, फोटो आला. ज्याचा हक्क होता तो लाभार्थी झाला. वाचणाऱ्या शहरी माणसाच्या डोक्यात पक्कं बसलं की यांना फुकट जमिनी वाटतात.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. 'शोध लावला' हे शब्द जे खरोखर कुणालाच माहीत नव्हतं, त्याच्यासाठी राखून ठेवा. टेलिफोन बेलनं 'तयार केला' म्हणा. त्याचा शोध लावला म्हटलं की तो तोरणमाळच्या जंगलात पडलेला होता असं वाटतं. पाठ्यपुस्तकात आणि अजिंठ्याच्या फलकावर लिहा, '१८१९ मध्ये जॉन स्मिथ इथं आला, आणि त्यानंतर ही लेणी युरोपला माहीत झाली.' परीक्षेत त्यालाही एक गुण द्या. जिल्ह्याच्या पानावर 'जमिनी मिळाल्या'च्या जागी 'हक्क मान्य झाले' लिहा. मथळ्यात एक शब्द जास्त जाईल, तर फोटो जरा लहान करा. आणि पावसाळ्यात सातपुड्यातून धबधब्याचे फोटो आले, तर छापण्याआधी जवळच्या पाड्यावर एक फोन करा. त्याला तिथं काहीतरी नाव असतं. ते मथळ्यात बसतं.